सहा तव्यांचा फाल्गुन

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या भागातली हवा माणसाच्या अंगावर धावून येते. सकाळी चादर सोडवत नाही, अकरा वाजता जमीन चटके द्यायला लागते, आणि दुपार कलली की कुठून तरी वावटळ उठते आणि डोळ्यांत मूठभर माती मारून निघून जाते. शाळेत मी वसंत ऋतूवर निबंध पाठ केला होता. मंद वारा, आंब्याचा मोहर, कोकिळेचं गाणं. इथला मोहर एका झोडप्यात खाली येतो. कोकिळा ओरडते खरी, पण ती ओरडतेच. तिला गाणं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

परवा कळमनुरीला एका गॅरेजसमोर उभी होते. ट्रॅक्टरचं जळकं ऑईल डब्यात गळत होतं आणि वर पत्रा तापून कडकड वाजत होता. त्या वासानं मला दोन वर्षं मागं ओढत नेलं. तेव्हा माझ्या नखांत तीन आठवडे हाच वास होता. भाकरीला तोच, उशीला तोच. साबणानं जात नव्हता, राखेनं जात नव्हता. जावा असं मलाही फार वाटत नव्हतं.

मी पत्रकांवर वाढले. दादा, म्हणजे माझे वडील, मोर्चाचं, जयंतीचं, गायरानाच्या लढ्याचं पत्रक लिहायचे आणि छापून उरलेले गठ्ठे घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यांत गुंडाळलेली भाकर शाळेत नेली. ‘कमळ’ लिहिता येण्याच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ लिहिता येत होतं. कागदाच्या एका बाजूला शोषक असतात, दुसऱ्या बाजूला आपण असतो आणि मध्ये तार असते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या गावाजवळ ती तार खरोखरच होती. गाव धरणाच्या भिंतीखाली आणि तरी नळाला पाणी आठवड्यानं. वरच्या अंगाला धरणाची कॉलनी, तिच्याभोवती काटेरी तार, आत कडुलिंबाची दाट रांग. त्या रांगेपलीकडे साहेब लोक गोल्फ खेळतात असं गावात सगळे म्हणायचे. काठीनं चेंडू मारत न्यायचा आणि लांबच्या भोकात घालायचा, असा तो खेळ. टीव्हीवर मी पाहिला होता. डोळे निवतील अशी हिरवळ, तिच्यावर फिरणारे फवारे. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, रक्त गरम होतं. एका दुपारी बसून पत्रक लिहिलं. आमच्या घागरी कोरड्या आणि साहेबांची हिरवळ ओली. हिरवळ रोज किती पाणी पिते त्याचा आकडाही टाकला. तो कुठून आणला? माझ्या रागातून आणला. शेवटी एक वाक्य त्या मैदानाची राखण करणाऱ्या माणसावर होतं. त्याला मी पाण्याचा चोर म्हटलं होतं. खाली नाव समितीचं घातलं. समिती म्हणजे मी आणि चार पोरी. मंगळवारच्या बाजारात आम्ही ते वाटलं. लोक उभ्या उभ्या वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचे जबडे आवळत होते. मला ते पाहून आनंद झाला होता, हे लपवून काही उपयोग नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी गाव तारेवर गेलं. पुरुष, बाया, हातात कुदळी, खोरी, काहींच्या हातात नुसत्या रिकाम्या घागरी. तार वाकवून आम्ही आत घुसलो. लिंबांची रांग ओलांडली आणि सगळ्यांचे पाय जागच्या जागी थबकले.

हिरवळ नव्हती.

समोर नुसता माळ होता. कापलेलं पिवळं कुसळ, वेचून ढीग केलेले दगड, तापलेल्या मुरमाचा लाल उजेड. आणि त्या माळावर लांब लांब अंतरावर सहा काळी वर्तुळं, गुळगुळीत, चकाकणारी, मधोमध चेंडूचं भोक, जणू जमिनीवर मोठे तवे पालथे घातलेत. जवळच्या वर्तुळावर एक म्हातारा अनवाणी उभा होता, हातात दोरी बांधलेला लोखंडी पाइप घेऊन. हे शेख गफूर. सगळे त्यांना गफूरचाचा म्हणायचे, हे मला नंतर कळलं.

“हिरवळ कुठंय बे?” पुढच्या एकानं ओरडून विचारलं.

“कोनती हिरवळ?”

“गोल्फची! रोज पानी पाजून राहिला न तू तिला?”

चाचांनी पायाखाली पाहिलं, मग आमच्याकडं. “ही पाहा न बाबा. हिरवळीच्या जागी वाळू हाय ही, जळकं ऑईल घालून बसवलेली. हिला पानी लागलं तर मरती ही. मी तर दिवसभर हिला पान्यापासूनच वाचवून राहिलो.”

मागं कुणी तरी फिसकन हसलं. ते हसू आलं नसतं तर लोक कदाचित परतले असते. चारचौघांत खोटं पडलेल्या गर्दीइतकं हिंस्र काही नसतं. खरी असलेली गर्दी घोषणा देऊन घरी जाते. खोट्या पडलेल्या गर्दीला काही तरी फोडूनच जावं लागतं, नाही तर ती आली कशाला होती हे तिलाच सांगता येत नाही. पहिला दगड सुटला. तो कुणाच्या हातून सुटला ते मी पाहिलं. तो माझा चुलतभाऊ होता, चार चुलतभावांपैकी कोणता ते मी आजही लिहिणार नाही. दगड चाचांच्या भुवईवर बसला. ते गुडघ्यावर आले. रक्त टपटप त्या वाळूवर पडलं आणि पडताच दिसेनासं झालं. काळ्या वाळूत रक्त दिसत नाही.

मग कुदळी चालल्या. चाचा एका हातानं कपाळ दाबून ओरडत होते, “चपला तरी काढा रे! तव्यावर चपला घालून न्हाई चढत कुनी! चपला काढा!” आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, दोघातिघांनी खरंच चपला काढल्या. उंबऱ्याशी काढतो तशा, सवयीनं, जोडीनं लावून ठेवल्या. आणि अनवाणी पायांनी आत जाऊन जोर लावून कुदळ मारली. सहापैकी पाच तवे आम्ही उखणले. सहावा लांब होता आणि ऊन फार होतं, एवढ्यानंच तो वाचला.

घरी दादांनी पत्रक मागून घेतलं. त्यांना ते तोवर वाचायला मिळालं नव्हतं. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

“आत जाऊन पाह्यलं होतंस?”

“न्हाई.”

“मंग लिवलंस काहून?”

त्यांचं बोट पत्रकाच्या तळाशी गेलं.

“अन् खाली नाव कुठंय तुझं? समिती म्हंजे कोन? आम्ही लाठ्या खाल्ल्या त्या पत्रकाखाली नाव होतं म्हनून खाल्ल्या. बिननावाचं पत्रक असंल तर त्याच्यात अन् दगडात काय फरक हाय, सांग बरं.”

उरलेला गठ्ठा त्यांनी चुलीत घातला आणि वर पाण्याचं पातेलं ठेवलं. त्याच पाण्यानं मला अंघोळ करायला लावली.

दुसऱ्या दिवशी मी तारेतून पुन्हा आत गेले, एकटी. चाचा उखणलेल्या तव्यावर उकिडवे बसून वाळूतली माती हातानं निवडत होते. कपाळाला हिरवा फडका बांधलेला, डोळा सुजून बंद झालेला.

“काय राहिलं? सहावा?” त्यांनी विचारलं.

“चाचा, ते पत्रक मी लिहिलं होतं.”

एका डोळ्यानं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “मराठी बराबर हाय तुझी. मला समदं समजलं. पान्याचा चोर. बेटा, तेवीस वर्सं झाली, मी घरून बाटली भरून आणतो अन् तीच पितो. सध्या रोजे चालू हायेत, तर तेबी न्हाई.” हातातली वाळू त्यांनी खाली टाकली. “जा, ते खोरं घे. उभी काय राहिली मेहमानासारखी?”

काम करता करता थोडं थोडं कळत गेलं. चाचा तेवीस वर्षं रोजंदारीवर होते. मैदान बसवणारे साहेब गेले, दुसरे आले, तिसरे आले, चाचा तेच राहिले, रोज संध्याकाळी ‘उद्या ये’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी येणारे. आत्ताच्या साहेबांची बदली ठरली होती. जाण्याआधी ईदनंतरच्या आठवड्यात बाहेरगावचे अधिकारी खेळायला येणार होते. मैदान चांगलं निघालं तर चाचांना कायम करण्याची शिफारस लिहून जातो, असा शब्द साहेबांनी दिला होता. “एवढाच मोका हाय,” चाचा म्हणाले. “पुढचा साहेब येईल तवर माझं वय निघून जाईल.” आणि आम्ही पाच तवे उखणले होते.

तीन आठवडे होते हातात, आणि समोर फाल्गुन. कयाधू नदीची वाळू चाळायची, गॅरेजवाल्यांकडून मागून आणलेलं जळकं ऑईल तिच्यात ओतायचं, पायांनी तुडवायचं, तीन बोटं जाडीनं पसरायचं आणि मधल्या भोकापासून बाहेर गोल गोल पाइप ओढत न्यायचा. लिहायला सोपं आहे. पण सकाळच्या गारव्यात ऑईल आखडतं, वाळूचे गोळे होतात. दुपारी ते इतकं पातळ होतं की पाइपामागं वाळू सरपटत येते. मधला तासभर तेवढा आपला. तो सापडला तर तवा बसतो, चुकला तर सगळं खरवडून पुन्हा. चाचा तो तास पायाच्या तळव्यानं ओळखायचे. तव्यावर टाच टेकवायचे, डोळे मिटायचे आणि एकदम ओरडायचे, “खींच!” मी ओढायची. दोरीनं तळहात सोलून निघाले, फोडांत ऑईल गेलं की हात चुलीत घातल्यासारखा पेटायचा.

“दुखून राहिलं?” चाचा विचारायचे.

“न्हाई.”

“खोटं लिहिती तर लिहिती, बोलतीबी खोटंच.” आणि स्वतःच हसायचे. हसल्यावर भुवईची जखम उलायची, मग शिवी द्यायचे, मग रोजा आठवून तोबा तोबा म्हणायचे.

त्या तीन आठवड्यांत हवेनं आम्हाला ज्या ज्या प्रकारांनी मारता येईल त्या त्या प्रकारांनी मारलं. एका वावटळीनं ताजा बसवलेला तवा कुसळांनी भरून टाकला, जणू अंगावर केस उगवले. एकेक कुसळ हातानं वेचलं. मग दूरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कुणी तरी काडी टाकली आणि वाळलेल्या गवतातून आग सळसळत आली. तिचा आवाज मोठं कापड फाडल्यासारखा. लिंबाच्या फांद्या घेऊन आम्ही तिला बडवलं. चाचांची दाढी एका बाजूनं करपली. ऑईल मुरलेल्या तव्यापर्यंत आग पोचली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. आम्ही दोघं धुरात खोकत राख तुडवत होतो आणि मला आठवत होतं, मीच बाजारात म्हटलं होतं, आता वणवा पेटला पाहिजे. शब्द किती स्वस्तात पेटतो. तो विझवायला फांदी घेऊन पळावं लागतं हे लिहिताना ध्यानात राहत नाही.

ईदच्या चार दिवस आधी पाचवा तवा बसला. दुपारी वारा एकाएकी मेला. गुरं चरायची थांबली. वायव्येकडून आभाळ निळंकाळं होत आलं, त्याच्या पोटात हिरवट झाक. चाचांनी हवेचा वास घेतला. “गारा हाय. पाल आण!”

एकच ताडपत्री होती, तवे सहा. चाचांनी जवळच्या तव्यावर ती ओढली, मी कडेला दगड ठेवत गेले. पहिली गार माझ्या पाठीत बसली तेव्हा मला वाटलं कुणी तरी मागून मारलं. वळून पाहिलं, कुणी नव्हतं. मग सगळं आभाळच सुटलं. लिंबाएवढ्या गारा मुरमावर आपटून कमरेएवढ्या उसळत होत्या. वाऱ्यानं ताडपत्रीचा एक कोपरा उचलला. चाचा त्याच्यावर पालथे पडले. मी दुसऱ्या कोपऱ्यावर पडले. डोकं हातांनी झाकलं, बोटं सुन्न झाली. एक बगळा आभाळातून दगडासारखा खाली आला आणि पंख फाकवून तिथंच राहिला. किती वेळ चाललं? घड्याळाप्रमाणे थोडाच असेल. मार खाणाऱ्याचा वेळ वेगळा असतो.

थांबलं तेव्हा माळ पांढरा होता आणि त्यातून वाफ निघत होती. उघडे पाच तवे देवीच्या व्रणांनी भरलेल्या तोंडासारखे झाले होते. चाचा उठून बसले, एक गार उचलली. त्यांचे ओठ फुटलेले होते, पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता. गार तळहातावर वितळत होती. त्यांनी ती भुवईच्या जखमेवर दाबून धरली आणि म्हणाले, “चल. खरवड.”

मी दादांना घेऊन आले. दादांनी आपल्याबरोबर गावातले आठ जण आणले. त्यांत कुदळ चालवलेलेही होते, चपला काढणारा एक होता, आणि दगड मारणाराही होता. चाचांनी त्याला ओळखलं, हे मला त्यांच्या मान वळवण्यावरून कळलं. त्यांनी त्याच्या हातात चाळणी दिली. “बारीक चाळ,” एवढंच म्हणाले. ईदचा दिवस सोडून आम्ही रोज राबलो आणि सहाच्या सहा तवे उभे केले.

साहेब लोक आले, पांढऱ्या टोप्या घालून खेळले. दुपारी खेळ संपला तेव्हा साहेब खुशीत होते. चाचा पाइप घेऊन शेवटच्या तव्यावर उभे होते, मी बाजूला.

“गफूर, मैदान एक नंबर,” साहेब म्हणाले. “शिफारस तयार आहे. फक्त त्या दिवशी आत कोण कोण घुसलं होतं, चार नावं दे. मला वर अहवाल द्यायचाय.”

“धूळ लई होती साहेब.”

“दगड समोरून लागलाय तुला.”

“समोरच जास्ती होती धूळ.”

मी पुढं झाले. “साहेब, पत्रक मी लिहिलं होतं. माझं नाव घ्या.”

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायांवर ऑईल, हातांना चिंध्या. “तुझ्या पत्रकाचं काय करू? मला दगड मारणारा पाहिजे. ठाऊक आहे तुला?”

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. चाचांनीही सांगितलं नाही. दोघांचं गप्प बसणं वरून सारखंच दिसत होतं, पण माझ्या गप्प बसण्यानं माझं काहीच जाणार नव्हतं. साहेबांनी गाडीचं दार आपटलं.

“काहून न्हाई सांगितलं?” मी नंतर चाचांवरच चिडले. “तुमचं डोकं फोडलं त्यानं!”

“अन् नाव देऊन नोकरी घेतली तर उद्या बाजारात कोन्या तोंडानं जाऊ मी? माझं घर काय कॉलनीत हाय?” पाइपाची दोरी गुंडाळत ते म्हणाले. “त्यानं वाळू चाळली बारीक. झालं.”

झालं नव्हतं. वैशाखात साहेब शिफारस न लिहिताच बदलून गेले. नव्या साहेबांना खेळाची आवड नव्हती. एका संध्याकाळी चाचांना ‘उद्या ये’ कुणी म्हटलं नाही. तेवीस वर्षांची नोकरी जायला एक शब्दही खर्ची पडला नाही, उलट एक शब्द वाचला. दगडाचा आवाज होतो, गारेचा होतो, म्हणून लोक धावून येतात. हाही मारच होता. त्याला आवाज नव्हता. आणि माझ्या त्या जळजळीत पत्रकात याच्याबद्दल एक ओळ नव्हती. तारेपलीकडचा खरा अन्याय अनवाणी उभा होता आणि मी त्यालाच चोर म्हटलं.

मी मवाळ झालेले नाही. धरणाच्या पायथ्याशी घागर कोरडी राहणं हा गुन्हा आहे, असं मी आजही लिहिते, खाली नाव घालून. पण आधी तार ओलांडून बघून येते. तवे आता राहिले नाहीत. तिथं बाभळी उगवल्यात.

या फाल्गुनात मी चाचांना हिंगोलीला घेऊन गेले, कामगारांचे अर्ज घेतात त्या कचेरीत. फॉर्म मी भरत होते. नाव, गाव, कामाचं स्वरूप. ‘कामावरून कमी केल्याचे कारण’ या रकान्यापाशी माझं पेन सुसाट सुटलं. चाचांनी पेनावर हात ठेवला.

“काय लिहून राहिली?”

“खरं तेच. तुमी नावं दिली न्हाईत म्हनून काढलं.”

“तसं कुनी बोललं मला? तू ऐकलंस?”

“तसं न्हाई ऐकलं, पण...”

“मंग?”

मी तो फॉर्म फाडला, नवा घेतला. रकाना मोकळा ठेवला. बाहेर वारा सुटला होता, खिडकीची तावदानं दणदण आपटत होती. अर्जाच्या खिडकीपलीकडच्या कारकुनानं फॉर्म वरपासून वाचत आणला आणि त्याचं बोट मोकळ्या जागेवर थांबलं.

“चाचा, हे कारण राहिलं भरायचं. काढलं काहून तुमाला?”

गफूरचाचा खिडकीशी वाकले.

“ते ज्यानं काढलं त्याला बोलवा साहेब, अन् त्याच्या हातानं भरून घ्या. मी बसतो इथं.”

आणि ते बाकावर जाऊन बसले.